सल्ला चुकला तर जबाबदार कोण?

शेंद्रा एमआयडीसीत शिफ्ट सुटली की जालना रोडकडे निघालेल्या कामगारांपैकी क्वचितच कुणाला ठाऊक असते, की कायद्याने त्यांना फुकट वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र असलेल्यांची यादी आहे. तीत स्त्रिया आहेत, मुले आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आहेत, अपंग व्यक्ती आहेत, कोठडीतले आरोपी आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत. या गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. कामगाराला तीही लागू होत नाही. प्रेस मशीनवर बोटे गमावलेला हेल्पर असो की दोन महिन्यांचा पगार अडकलेला कंत्राटी वेल्डर, दोघेही छत्रपती संभाजीनगरला अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात जाऊन मदतीचा अर्ज देऊ शकतात.

तिथवर पोचणारे थोडे. शहरात जायचे म्हणजे एक हजेरी बुडते, आणि अर्ज नेमका कशाचा करायचा हेच आधी कळत नाही. म्हणून माणूस जवळच्याला विचारतो. तो जवळचा म्हणजे कधी मुकादम, कधी युनियनचा कार्यकर्ता, कधी झेरॉक्सच्या दुकानात अर्ज लिहून देणारा, कधी सेतू केंद्रातला ऑपरेटर, कधी बचतगटाची अध्यक्ष, तर कधी गावातला कोर्टकचेरीत मुरलेला एखादा काका. कायद्याबद्दलचा पहिला सल्ला देणारी ही मंडळी वकील नसतात. त्यांना कुणी शिकवावे, त्यांनी पैसे घ्यावेत का, त्यांच्यावर देखरेख कुणाची असावी आणि त्यांच्या सांगण्यावरून कुणाचे नुकसान झाले तर जाब कुठे विचारायचा, हे प्रश्न आज जगभर चर्चेत आहेत. शेंद्र्यासारख्या ठिकाणी ते रोजच्या जगण्यातलेच आहेत.

शेंद्रा कमंगर गाव पूर्वी पंचक्रोशीबाहेर ओळखले जाई ते चैत्रातल्या मांगीरबाबाच्या यात्रेमुळे. मग इथे एमआयडीसीची पंचतारांकित वसाहत उभी राहिली, २००१ मध्ये स्कोडाच्या मोटारी इथे जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून 'ऑरिक' हे औद्योगिक शहर आखले गेले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून त्याचा पसारा सुमारे १०,००० एकरांचा. ऑरिक हॉलचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. एका पिढीच्या आत इथल्या कुटुंबांचा संबंध कायद्याच्या दोन मोठ्या शाखांशी आला. बापाची जमीन संपादनात गेली आणि मुलगा ठेकेदाराकडे कामाला लागला. जमिनीच्या मोबदल्याचा कायदा वेगळा, कामगाराचा वेगळा. दोन्हींत मुदतींचे सापळे आहेत.

चुकीचा सल्ला किती महागात पडतो, हे या मुदतींवरून आणि बारीक अटींवरून कळते. कामगाराच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल आणि कामावर अपघात झाला, तर भरपाई कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे अशा कामगाराला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नव्हती. ज्याला विमा लागू नाही, त्याच्यासाठी १९२३ चा भरपाई कायदा होता आणि त्यात दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत होती. म्हणून जाणकार सल्लागाराचा पहिला प्रश्न साधा असतो, "पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का?" हा प्रश्न न विचारता कुणी "मालकावर केस टाक" असे सांगितले, तर विमाधारक कामगार चुकीच्या दारात वर्ष-दोन वर्षे घालवतो. ठेकेदाराने नावच नोंदवलेले नसेल तर गुंता आणखी वाढतो, आणि तिथे वकिलाकडे पाठवण्यावाचून दुसरा शहाणा मार्ग नाही.

जमिनीचेही असेच आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक कडक तरतूद होती आणि २०१३ च्या नव्या कायद्यातही ती कायम राहिली. मोबदला आक्षेप नोंदवून स्वीकारला तरच वाढीव रकमेसाठी पुढे दाद मागता येते. आक्षेपाचे ते चार शब्द न लिहिता सही केली, तर तो रस्ता बंद. दुसरीकडे, एकाच अधिसूचनेत जमीन गेलेल्या शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव भाव दिला, तर स्वतः न्यायालयात न गेलेल्या शेतकऱ्यालाही त्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तसाच भाव मागता येतो. जुन्या कायद्यात हे कलम २८-अ होते, नव्यात ते कलम ७३ आहे. वकील लागत नाही, साधा लेखी अर्ज पुरतो. फक्त निकाल लागल्याचे वेळेवर कळले पाहिजे.

आणि तरीही हा सल्ला शेंद्र्यात डोळे झाकून देता येत नाही. एमआयडीसी जमीन घेते ती १९६१ च्या आपल्या स्वतंत्र कायद्याखाली. तिथली प्रक्रिया वेगळी आहे आणि संमतीने ठरलेला भाव एकदा स्वीकारला, की पुढे वाढीव मोबदला मागणे फार अवघड होऊन बसते. धरणात जमीन गेलेल्या पैठणच्या पाहुण्याचा अनुभव इथे जसाच्या तसा चालत नाही. पाहुणा मनापासून सांगत असतो, त्याच्या हेतूत खोट नसते. नुकसान मात्र व्हायचे ते होतेच.

मग सरळ मनाई का करू नये? वकिलाशिवाय कुणी कायद्याचा सल्ला देऊच नये, असे म्हणणारा एक वर्ग आहे आणि त्याच्या हाती कायदाही आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचे कलम ३३ सांगते, की न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करण्याचा हक्क केवळ सनदधारकाला आहे. बेकायदा वकिली केली तर कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाबाहेर बसून नुसता सल्ला देणे यात येते का, याचे उत्तर बरीच वर्षे धूसर होते. ते स्पष्ट झाले एका वेगळ्याच वादातून. भारतात कचेऱ्या थाटलेल्या परदेशी लॉ फर्म्सविरुद्ध 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या संस्थेने याचिका केली होती. १६ डिसेंबर २००९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की सल्ला देणे, मसुदे करणे हाही वकिलीच्या व्यवसायाचाच भाग आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात हीच भूमिका कायम केली. निकालाचे लक्ष्य होते लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या कंपन्या. त्याची सावली मात्र गावातल्या सल्ला केंद्रावरही पडते, कारण फी न घेता शेजारणीला पोटगीचा अर्ज समजावून सांगणारी बाई आणि तासाला शेकडो डॉलर आकारणारी फर्म यांच्यातला फरक शब्दांत मांडणारा नियम कुणी केलाच नाही.

कायद्याने स्वतःच ठेवलेल्या वाटा मात्र बऱ्याच आहेत. अधिवक्ता कायद्याचे कलम ३२ न्यायालयाला कोणत्याही व्यक्तीला एखाद्या प्रकरणापुरती उभे राहण्याची परवानगी देऊ देते. १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही परवानगी माणूस पाहून, प्रसंग पाहून द्यावी असे सांगितले. कामगार कायद्यांत तर उलटा प्रवाह दिसतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची बाजू मांडण्याचा हक्क नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला दिला आणि तडजोडीच्या कामकाजात वकिलालाच मज्जाव केला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही युनियनची ती वाट मोकळी ठेवली. महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यांत काळा कोट न घालता केस चालवणारे युनियनचे कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांतले कित्येक भल्याभल्या वकिलांना भारी पडतात. त्यांना हा अधिकार मिळाला तो त्यांच्यामागे नोंदणीकृत संस्था आहे म्हणून. माणूस चुकला तर संस्थेला विचारता येते.

या प्रश्नावरचे सर्वांत बोधप्रद प्रकरणही महाराष्ट्रातलेच आहे. १९९८ मध्ये दक्षिण मुंबईच्या ग्राहक मंचापुढे सहल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी आल्या. तक्रारदारांच्या वतीने वकील नसलेला प्रतिनिधी उभा राहिला आणि समोरच्या बाजूने हरकत घेतली. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ तोवर चांगली रुजली होती. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करत होती. हजार-दोन हजार रुपयांच्या तक्रारीसाठी वकिलाची फी भरायची तर ग्राहक कायद्याचा उपयोग काय, हा चळवळीचा साधा सवाल होता. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिनिधीचा हक्क मान्य केला. ऑगस्ट २०११ मध्ये सी. वेंकटाचलम विरुद्ध अजितकुमार शहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला, पण तेवढ्यावर न थांबता अशा प्रतिनिधींसाठी नियम करावेत असेही सांगितले. २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने नियमावली काढली. वकील नसलेला माणूस कुणाच्या लेखी अधिकारपत्रावर उभा आहे, तो धंदा म्हणून तर हे करत नाही ना, त्याला प्रकरणाची माहिती आहे का, हे मंचाने पाहायचे आणि त्याचे वर्तनही तपासायचे.

इथे नियमनाचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. पदवी विचारली गेली नाही. विचारले गेले ते अधिकारपत्र, पैसा आणि वर्तन.

सरकारी विधी सेवेच्या रचनेत वकील नसलेल्या मदतनीसाला अधिकृत जागा मिळाली ती २००९ मध्ये. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नालसा'ने, पॅरा लीगल व्हॉलंटिअर ही योजना आणली. मराठीत विधी स्वयंसेवक म्हणतात, तालुक्याच्या कोर्टात सर्रास 'पीएलव्ही' म्हणतात आणि अलीकडे 'अधिकार मित्र' हे नाव देण्यात आले आहे. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, समाजकार्याचे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या सदस्या, विधी महाविद्यालयातील मुले-मुली अशांतून त्यांची निवड होते. हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तनाचे, शिकलेले कैदीही हे काम करू शकतात, अशी योजनेतच तरतूद आहे आणि ती फार मोलाची आहे. जामिनाचा अर्ज कुठे अडला हे कोठडीतल्या माणसाला शेजारच्या बराकीतला माणूस जितक्या लवकर सांगेल तितक्या लवकर बाहेरचा कुणी सांगणार नाही.

२०११ मध्ये नालसाने गावोगावच्या विधी सेवा केंद्रांसाठी नियम केले. कल्पना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या धर्तीवरची होती. गावात स्वयंसेवकाने बसायचे, अर्ज लिहून द्यायचा, योजनेची माहिती सांगायची, तंटा मिटण्यासारखा असेल तर मिटवायचा आणि प्रकरण गंभीर असेल तर तालुका समितीकडे किंवा पॅनेलवरच्या वकिलाकडे पाठवायचे. मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारी पोलीस कशा हाताळतात यावर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस ठाण्यांत असे स्वयंसेवक असावेत, असा आदेश दिला.

महाराष्ट्राकडे याआधीचा स्वतःचा अनुभवही होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसणारी समाजकार्यकर्ती पोलीस नव्हती, वकीलही नव्हती. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला पोलीस ठाण्याच्या आवारातच समोर बसवून ऐकून घेणारी, स्त्रीधन परत मिळवून देणारी आणि गरज पडली तर कोर्टापर्यंत सोबत जाणारी ती होती. हे कक्ष पुढे राज्यभर पसरले आणि राज्य सरकारने ते आपलेसे केले. यश मिळाले त्याचे कारण उघड आहे. कार्यकर्ती प्रशिक्षित होती, पगारी होती, तिच्या नोंदी कुणीतरी तपासत होते आणि अवघड प्रकरण घेऊन ती ज्येष्ठांकडे जाऊ शकत होती.

विधी स्वयंसेवकांच्या बाबतीत नेमके हेच कमी पडते. त्यांना पगार नाही. ज्या दिवशी काम दिले जाईल त्या दिवसाचे मानधन मिळते. काम कधी देणार, किती दिवस देणार, हे जिल्हा प्राधिकरणाच्या निधीवर अवलंबून. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या आवृत्तीनुसार २०१९ नंतरच्या पाच वर्षांत देशातली या स्वयंसेवकांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली आणि लाख लोकसंख्येमागे जेमतेम तीन स्वयंसेवक उरले. शेंद्र्याभोवतीच्या कुंभेफळ, लाडगाव, करमाड या गावांचा आणि वसाहतीतल्या भाड्याच्या खोल्यांतल्या माणसांचा विचार केला, तर ही संख्या किती अपुरी आहे हे वेगळे सांगायला नको.

नियम मात्र भरपूर आहेत. स्वयंसेवकाने फी घ्यायची नाही, डायरी ठेवायची, प्रशिक्षण घ्यायचे. पदाचा गैरवापर केला, गुन्ह्याचा आरोप आला, किंवा राजकीय पक्षाचा सक्रिय सदस्य झाला तर नाव कमी होते. यातली शेवटची अट वरवर निर्मळ वाटते. मात्र औद्योगिक वसाहतीत कामगार कायद्याचे सर्वांत पक्के ज्ञान ज्यांच्यापाशी असते ते युनियनचे कार्यकर्ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या राजकीय विचाराच्या संघटनेत असतात. त्यांतला जो पक्षात सक्रिय असेल त्याला योजनेचे दार बंद होते. निष्पक्षता राखण्यासाठी घातलेली अट शेंद्र्यासारख्या ठिकाणी अनुभवालाच बाहेर ठेवते. ही अट सरसकट न ठेवता, सल्ला देताना पक्षाचा प्रचार करायचा नाही आणि हितसंबंध असेल तर आधी सांगायचे, असा वर्तनाचा नियम केला असता तर अधिक उपयोग झाला असता.

दुसरी उणीव गुप्ततेची आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट न्यायालयातही उघड करायला लावता येत नाही. पूर्वी हे संरक्षण पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांनाही ते बांधून ठेवते. गावातल्या सल्ला केंद्रावर बसलेल्या स्वतंत्र कार्यकर्त्याचे तिथे नाव नाही. घरातल्या मारहाणीबद्दल, दुसऱ्या लग्नाबद्दल, जमिनीच्या खोट्या फेरफाराबद्दल माणसे या कार्यकर्त्यांना जे सांगतात ते वकिलाला सांगतात त्याहून कमी नाजूक नसते. उद्या त्या कार्यकर्तीलाच साक्षीला बोलावले तर तिला नकार देण्याचा हक्क कुठला?

सल्ला आणि धंदा यांच्यातली रेषा कुठे ओढायची, हा वाद या मातीला नवा नाही. १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. चार वर्षांनी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत दावा दाखल करण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या नेमलेल्या पंचापुढे जाणे भाग केले गेले. गावमुन्सफापुढे वकिलाला बंदी होती. सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसली, तर न्यायाधीशाला त्याच्यासाठी सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस नेमता येई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा प्रयोग इकडे आला नाही. गरिबाच्या बाजूने उभे राहायला सनद नसलेला 'योग्य माणूस'ही चालतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारने मान्य केले होते, ही गोष्ट आजच्या चर्चेत विसरली जाते.

परदेशांतही एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेत 'ब्लॅक सॅश' या १९५५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या संघटनेने पास कायद्यांनी पिडलेल्या कृष्णवर्णीयांसाठी सल्ला कार्यालये उघडली आणि वर्णभेदाच्या काळात अशी कार्यालये गावोगाव पसरली. वर्णभेद संपल्यानंतर या कार्यकर्त्यांना कायदेशीर मान्यता द्यायची का, यावर वर्षानुवर्षे खल झाला. २०१४ च्या वकिली व्यवसायाच्या कायद्याने निर्णय न घेता, वकिलांच्या परिषदेने दोन वर्षांत शिफारस करावी एवढेच सांगितले. सिएरा लिओनने उलट धडाडी दाखवली. २०१२ च्या कायद्याने प्रत्येक चीफडममध्ये, म्हणजे टोळीप्रमुखाच्या प्रशासकीय विभागात, निदान एक पॅरालीगल असावा असे ठरवले. केनियाने २०१६ मध्ये मान्यताप्राप्त पॅरालीगलला कायद्यात स्थान दिले. इंडोनेशियाच्या मंत्रालयाने २०१८ मध्ये त्यांना न्यायालयीन कामातही मुभा दिली, तेव्हा वकील मंडळी न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ पासून पॅरालीगलला वकिलांच्याच संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, विमा काढावा लागतो. आणि तिथला पॅरालीगल फी घेतो. तो व्यवसाय झाला, शेजारधर्म उरला नाही. शेंद्र्याला ओंटारिओचा साचा घातला तर अंगणवाडी सेविका आणि बचतगटाची अध्यक्ष पहिल्याच दिवशी बाहेर पडतील आणि मैदान उरेल ते एजंटांना.

एजंटांवर कायदा नाही असे नाही. संसदेने २०२३ मध्ये अधिवक्ता कायद्यात दुरुस्ती करून कलम ४५-अ घातले आणि वकिलांच्या दलालांची यादी करण्याचा, त्यांना न्यायालयाच्या आवारात बंदी घालण्याचा अधिकार दिला. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. यात दलाल म्हणजे कमिशनवर वकिलाकडे गिऱ्हाईक आणून देणारा. बांधकाम कामगाराची कल्याण मंडळात नोंदणी करून देतो म्हणून हजार-पंधराशे उकळणारा एजंट या व्याख्येत बसत नाही, कारण त्याला वकिलाशी देणेघेणेच नसते. मंडळाचे सरकारी शुल्क नाममात्र आहे. ९० दिवस काम केल्याचा दाखला मात्र लागतो आणि तिथेच पैसे खाल्ले जातात. फी न घेणारा स्वयंसेवक डायरी भरतो, प्रशिक्षणाला जातो, पक्षात गेला तर नाव गमावतो. फी घेणारा एजंट कुणालाच बांधील नाही. आजचे नियमन सर्वांत जास्त भार टाकते ते सर्वांत कमी नुकसान करणाऱ्यावर.

म्हणून नियमांची जागा बदलली पाहिजे. कुणी मदत करावी यावर पहारा बसवण्यापेक्षा मदतीतल्या धोक्याच्या जागा ओळखून तिथे नियम ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही, हा पहिला. सातबारा, करारनामा, पगाराची स्लिप यांची मूळ प्रत ठेवून घ्यायची नाही. घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती द्यायची आणि दर भिंतीवर लावायचा. 'आपले सरकार' सेवा केंद्रांत दरफलकाची अशी सवय लोकांना आधीच झाली आहे. मुदतीचा प्रश्न असेल तिथे सल्ल्याची तारीख लिहून द्यायची. अनुचित कामगार प्रथेची तक्रार १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत करावी लागते, तेव्हा माणूस कोणत्या दिवशी आला आणि त्याला काय सांगितले याची नोंद नसेल तर चूक कुणाची हे ठरवताच येत नाही. मृत्यू, बलात्कार, अटक, भूसंपादनाचा निवाडा अशी प्रकरणे ठरावीक दिवसांत वकिलाकडे पोचवायची. ती पोचवली नाहीत तर तालुका समितीने विचारणा करायची. या पाच-सहा नियमांसाठी पदवी लागत नाही. युनियनचे कार्यालय, महिला संघटनेचे केंद्र, ग्राहक पंचायतीची शाखा आणि पीएलव्ही, सगळ्यांना ते सारखेच लावता येतात.

त्या बदल्यात राज्याने दोन गोष्टी द्यायला हव्यात. हे नियम पाळणाऱ्या केंद्रातल्या बोलण्याला वकिलाच्या कारकुनाला आहे तितके तरी गुप्ततेचे संरक्षण हवे. आणि मागे वकील हवा. २०१७ पासून 'टेलि-लॉ' योजनेतून गावातल्या सेवा केंद्रावरून पॅनेलवरच्या वकिलाशी व्हिडिओवर किंवा फोनवर बोलता येते; नालसाचा १५१०० हा मदत क्रमांकही आहे. सल्ला केंद्रावर बसणाऱ्या कार्यकर्त्याला हीच सोय हक्काने मिळाली, तर "मला खात्री नाही, विचारून सांगतो" असे म्हणण्याची हिंमत त्याच्यात येईल. सल्लागाराचे अर्धे कौशल्य या वाक्यात आहे.

स्वातंत्र्याचा प्रश्न मग उरतोच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे महसूल खात्यापेक्षा तिथे निश्चितच अधिक मोकळेपणा आहे. पण शेंद्र्यातल्या शेतकऱ्याचा वाद असतो तो सरकारशी किंवा सरकारी महामंडळाशी. त्याला सल्ला देणाऱ्याचे ओळखपत्र, मानधन आणि नूतनीकरण एकाच सरकारी यंत्रणेच्या हाती असणे बरे नाही. म्हणून स्वतंत्र संस्थांच्या केंद्रांना नोंदणीपुरते नियम असावेत, रोजच्या परवानगीचे नसावेत.

हे सारे तातडीचे झाले आहे ते एका ताज्या बदलामुळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विरले. कामावरून काढलेल्या कामगाराला न्यायाधिकरणाकडे जायला पूर्वी तीन वर्षे होती, नव्या संहितेत दोन आहेत. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पूर्वी पाच वर्षांची नोकरी लागे, आता एका वर्षानंतर ती मिळू शकते. वीस वर्षे कामगारांना अचूक सल्ला देत आलेला कार्यकर्ता आज त्याच आत्मविश्वासाने "अजून वर्षभर वेळ आहे" असे सांगेल, आणि कामगाराचा हक्क बुडेल. वकिलांच्या संघटना आपल्या सदस्यांसाठी चर्चासत्रे भरवू शकतात. शेंद्रा, वाळूज, चिकलठाण्याच्या युनियन कार्यालयांत आणि सल्ला केंद्रांत बसणाऱ्यांचे नवे प्रशिक्षण जिल्हा प्राधिकरणाने हाती घ्यावे, आणि जुन्या मुदतींचे तक्ते तिथल्या भिंतींवरून आधी उतरवावेत.